तेव्हा साहेब बाराखडी गिरवायचा

कणकवलीत पटवर्धन चौकापासून स्टँडपर्यंत चालत गेलं, तर वाटेत इंग्रजीच्या क्लासच्या किती पाट्या लागतात! फाडफाड इंग्रजी, स्पोकन इंग्लिश, तीन महिन्यांत हमखास. गावातल्या पोरांना इंग्रजी यावं म्हणून मी उभा जन्म खडू हातात धरला, त्यामुळे या पाट्यांचा मला राग नाही. वाईट वाटतं ते आतल्या एका नियमाचं. वर्गात मराठी बोलायचं नाही, मालवणी तर नाहीच. घरात सकाळी ‘आये, पेज घाल गो’ म्हणणारं पोर तासभर तोंड शिवून बसतं. पुढ्यातल्या शिक्षिकेचं घरही शेजारच्या वाडीतलंच, पण तीसुद्धा त्या तासापुरती मालवणी विसरते.

आमच्या वेळी पाचवीत एबीसीडी सुरू व्हायची. चौरेघी वही, तिच्यात वळण गिरवायचं, स्पेलिंगं घोकायची. आमच्या वडिलांच्या पिढीला तर आठवीपर्यंत इंग्रजीचं तोंडही दिसायचं नाही. घरी द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचे जुने भाग होते, पुठ्ठा सुटलेले. एक नियम, थोडे शब्द, मग मराठी वाक्यांचं इंग्रजी आणि इंग्रजीचं मराठी. पुढे २००० सालापासून सरकारने पहिलीपासूनच इंग्रजी आणलं. आता अंगणवाडीतली मुलंही मोबाइलवर रंगांची इंग्रजी नावं म्हणतात, आणि छान म्हणतात.

पण मला इंग्रजीची गोडी लावली ती केरळातून आलेल्या एका सिस्टरनी. आमच्या घरापासून थोड्या अंतरावर त्यांचं छोटं कॉन्व्हेंट होतं. कोकण हा त्यांना परदेशच की! आई-वडील मागे राहिलेले, पत्र यायला आठवडा लागायचा, रेल्वे तर आमच्याकडे पूर्ण सुरू झाली ती १९९८ साली. पहाटे उठून प्रार्थना, विहिरीवरून पाणी, मग शाळा, दुपारी बायकांचा शिवणवर्ग आणि संध्याकाळी घराघरांत फेरी. कुणाचं मूल आजारी, कुणाचा नवरा मुंबईहून आलेला नाही, हे त्यांना आमच्याआधी ठाऊक असायचं. खळ्यात बसून आईशी बोलता बोलता त्या एक लहान वही काढायच्या आणि ऐकलेला मालवणी शब्द मल्याळम अक्षरांत टिपून ठेवायच्या. उकड्या तांदळाची पेज पुढे केली की त्यांना त्यांच्या घरची कांजी आठवायची. अशा गप्पांतून जे शब्द वहीत जायचे, तेच दुसऱ्या दिवशी आमच्या इंग्रजीच्या वाक्यांत उतरायचे. सुकट, पागणं, गडनदीचा पूर, काजूच्या बिया. पुस्तकातल्या डॅफोडिलशी आमची ओळख फार उशिरा झाली, पण आपल्या दारातलं जग इंग्रजीत सांगता येतं हे आम्हाला दहाव्या वर्षीच कळलं होतं.

पुढे वाचन वाढलं तसं लक्षात आलं की सिस्टरची ती वही एकटी नव्हती. तिच्यामागे शेकडो वर्षांची वहिवाट होती. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला. त्याने इथे इंग्रजी शिकवली नाही, तो मराठी शिकला, आणि असा शिकला की त्याने सुमारे ११ हजार ओव्यांचं ‘क्रिस्तपुराण’ लिहिलं, जे १६१६ साली छापलं गेलं. जॉन विल्सन हे स्कॉटिश मिशनरी १८२९ साली मुंबईत आले. मुंबईत बसून काम सुरू करण्याआधी ते आणि त्यांची पत्नी मार्गारेट बाणकोट-हर्णैला जाऊन राहिले, मराठी शिकण्यासाठी. त्यांच्याआधी दोन वर्षं आलेले रॉबर्ट नेस्बिटही कोकणातच मराठीत मुरले. विल्सन यांची इंग्रजी शाळा निघाली १८३२ साली. पुढे तिचंच विल्सन कॉलेज झालं. म्हणजे आधी बाराखडी, मग एबीसीडी. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

ते दिवस डोळ्यांपुढे आणायचे तर पावसाळ्यातला किनारा आठवावा लागतो. जून ते सप्टेंबर बंदर बंद, गलबतं ओढून वर घेतलेली, टपाल रखडलेलं. कौलांवर धो धो पाऊस, कपडे वाळत नाहीत, पुस्तकांना बुरशी. घरी ताप आला तर डॉक्टर कुठून आणायचा? अशा घरात सकाळी पंडित यायचा, साहेब आणि मडम त्याच्यासमोर बसून मोडी-बाळबोध वाचायचे, चुकले की पुन्हा म्हणायचे. ज्याला शिकवायचं त्याच्याच पुढ्यात आधी विद्यार्थी होऊन बसायचं! आणि जिवाचा भरवसा नसायचाच. विल्सन यांच्याआधी आलेले, स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे पहिले मिशनरी डोनाल्ड मिचेल तर आले त्याच वर्षी, १८२३ साली, वारले.

आमच्या वेंगुर्ल्याचंही नाव इथे घ्यायला हवं. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचं सेंट ल्यूक्स हॉस्पिटल तिथलं. त्याचे डॉक्टर गोहीन यांचा मुलगा रॉबर्ट १५ ऑगस्ट १९१९ रोजी वेंगुर्ल्यातच जन्मला. तो पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि १९७७ ते १९८० या काळात अमेरिकेचा भारतातला राजदूत. माझी आजी वेंगुर्ल्याची. त्या दवाखान्यात डॉक्टरांकडची माणसं मालवणीत विचारपूस करायची, हे ती अखेरपर्यंत सांगत असे.

या आठवणींत मला फक्त गोडवा घालायचा नाही. ते धर्म द्यायला आले होते, आणि हे त्यांनी लपवलं नाही. घराघरांत धास्ती होती. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर इंग्रजीत पारंगत, १८३२ साली ‘दर्पण’ मराठी-इंग्रजी दोन्हीत काढणारे. १८४३ साली नारायण शेषाद्री नावाचे गृहस्थ ख्रिस्ती झाले आणि त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याचं प्रकरण कोर्टात गेलं. तेव्हा त्या मुलाला परत समाजात घ्यावं म्हणून बाळशास्त्री उभे राहिले आणि स्वतःच्याच लोकांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. घाटावर बेळगावात मिशनच्या शाळेत शिकलेले बाबा पदमनजी ख्रिस्ती झाले आणि त्यांनी १८५७ साली मराठीला ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी दिली. दापोलीच्या मिशन हायस्कूलमध्ये शिकलेले पांडुरंग वामन काणे धर्मशास्त्राचे महापंडित झाले, १९६३ साली भारतरत्न. साने गुरुजीही त्याच दापोलीत शिकले. एकाच बाकावरून इतक्या निरनिराळ्या वाटा फुटल्या. शाळेने काय द्यायचं ठरवलं होतं आणि पोरांनी काय घेतलं, यात फार अंतर होतं, आणि त्या अंतरातच पोरांचं मोठेपण होतं.

आता उलट वारा वाहतो आहे. भारतातून फादर आणि सिस्टर आफ्रिकेला, युरोपला जातात. आमच्या तालुक्यातली, माझ्याच वर्गात शिकलेली एक मुलगी व्रत घेऊन सिस्टर झाली आणि आज टांझानियात इंग्रजी शिकवते. मला पत्राची वाट पाहावी लागत नाही. रविवारी व्हिडिओ कॉल येतो, मागे लाल माती दिसते, अगदी आपल्यासारखी. पहाटेची प्रार्थना तीच, पाण्याची चिंता तीच. जेवायला उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, पण चहा आणि चपाती तिथेही आहेतच. रस्त्यात भेटलेलं पोर मोठ्या माणसाला ‘शिकामू’ म्हणून मान देतं, आणि तिने ‘मारहाबा’ म्हणायचं असतं. हे तिने पहिल्या आठवड्यातच शिकून घेतलं. शाळेत पाय ठेवण्याआधी तिला बरेच महिने फक्त स्वाहिली शिकायला दिले होते.

तिथे सरकारी शाळांत सातवीपर्यंत सगळं स्वाहिलीत, आणि माध्यमिक शाळेत गेलं की एकदम सगळं इंग्रजीत. पोरं त्या उंबरठ्यावर मुकी होतात. ती म्हणाली, “बाईनू, हयली पोरां आपल्या पोरांसारखीच. वर्गात गप, आणि भायर इली काय त्येंचा तोंड थांबना नाय.” म्हणून ती धडा आधी स्वाहिलीत बोलून घेते. त्यांच्या शेळ्या, त्यांचा बाजार, त्यांची नदी, आणि मग तेच इंग्रजीत. केरळच्या सिस्टरनी आमच्या खळ्यात बसून जे केलं तेच. तिने त्या सिस्टरना पाहिलेलं नाही. माझ्या वर्गातून तिच्यापर्यंत ते पोचलं असेल, तर माझी नोकरी सार्थकी लागली.

कणकवलीतल्या क्लासवाल्यांकडे आज सगळं आहे. भिंतीवर पडदा, उच्चार ऐकवणारं ॲप, परदेशातल्या शिक्षकाशी थेट बोलणं. आमच्या लहानपणी यातलं काहीही असतं तर आम्ही हरखून गेलो असतो. पण पोराच्या घरी कोण आजारी आहे हे त्या पडद्याला माहीत नसतं, आणि शिक्षिकेला माहीत असतं ते तिला वर्गात बोलायची मुभा नसते. सातासमुद्रापलीकडून आलेल्यांना जी भाषा शिकावीशी वाटली, ती आपल्याच शिक्षिकेला दाराबाहेर ठेवायला लावणं मला पटत नाही. एका क्लासच्या चालकांना मी हे सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पालकांचा आग्रह असतो म्हणाले. पालकांशीही बोलायला हवं, आणि ते मी सुरू केलं आहे. पहिल्या बैठकीला चार आया आल्या. त्यातली एक म्हणाली, “माका इंग्रजी येना नाय, म्हणान पोर माझ्याशी बोलाचा बंद झाला.” तिचं पोर तेव्हा दुसरीत होतं.

टांझानियातल्या मुलीने परवाच्या कॉलमध्ये तर्खडकरांची पाठमाला मागितली. त्या घाटाचे धडे तिला स्वाहिली-इंग्रजीत स्वतः रचायचे आहेत, सोपं ते आधी, अवघड ते मागून, आणि दोन्ही बाजूंनी भाषांतर. पहिला भाग मला घरीच मिळाला, पुठ्ठा नव्याने चिकटवून घेतला. दुसऱ्यासाठी कुडाळ-सावंतवाडीच्या ओळखीच्या मास्तरांकडे निरोप धाडला आहे. कुणाच्या माळ्यावर असेल तर कळवावं, पोस्टाचा खर्च मी करीन.