धार आणि देवास : संरक्षणाचे मोल

इंदूर मध्ये धरले, तर पश्चिमेस सुमारे साठ किलोमीटरवर धार आणि ईशान्येस त्याहून कमी अंतरावर देवास. दोन्ही गाद्या पवारांच्या. धारेस जाणारा प्रवासी भोजराजाचे नाव घेत जातो. देवासला जाणारा टेकडीवरच्या देवीचे. ही दोन्ही दर्शने आम्हीही घेतली. परंतु येथे सांगावयाचे आहे ते निराळे. ज्याला आपले संरक्षण विकत घ्यावे लागते आणि विकणारा जगात एकच उरतो, त्याची गत काय होते, हा धडा या दोन गावांत फार स्पष्ट वाचावयास मिळतो.

धारचा किल्ला तांबड्या दगडाचा, तुघलकांच्या काळातला. याच किल्ल्यात आनंदीबाई आश्रयास असताना १७७५ साली दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह केला. होळकरांच्या भयाने पुणे सोडलेल्या पेशव्याने कंपनीकडून सहा हजार पायदळाची तैनाती फौज घेतली आणि तिच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख लावून दिला. किंमत जबर होती. पण खरी मेख पुढच्या कलमांत होती. कंपनीच्या शत्रुराष्ट्रांचे युरोपीय लोक चाकरीस ठेवू नयेत, इतर सत्तांशी कंपनीला विचारल्यावाचून बोलणी करू नयेत! गिऱ्हाइकाने दुसऱ्या दुकानाची पायरीच चढू नये, असाच याचा अर्थ. सोळा वर्षांच्या आत, जून १८१८ मध्ये, हा पेशवा जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला आणि सालीना आठ लाखांची नेमणूक घेऊन बिठूरास गेला.

पेशवाई मावळली आणि माळव्यात कंपनीखेरीज रक्षणकर्ता उरला नाही. धारचे राज्य शिंदे-होळकरांच्या स्वाऱ्यांनी आधीच जर्जर झालेले. आनंदराव पवारांच्या पश्चात मीनाबाईंनी ते मोठ्या धैर्याने कसेबसे तगवले होते. १० जानेवारी १८१९ रोजी धारने कंपनीशी तह केला. त्याबद्दल त्या राज्यकर्त्यांना नावे ठेवणे आम्हांस रुचत नाही. जळत्या घरातला मनुष्य पाण्याचा भाव विचारीत नाही.

परीक्षा झाली ती १८५७ साली. मे महिन्यात यशवंतराव पवार वारले. गादीवर आले ते अल्पवयीन आनंदराव. १ जुलैला इंदूर व महू येथे उठाव झाला. जी कंपनी रक्षण करणार, तिलाच स्वतःचे रक्षण अवघड झाले. अशा वेळी धारच्या कारभाऱ्यांनी अरब, अफगाण आदी भाडोत्री शिपाई ठेवले. त्याच शिपायांनी पुढे किल्ला बळकावला. ऑक्टोबरात इंग्रजी फौजेने वेढा घातला. महिनाअखेर तट फोडून ती आत शिरली, तेव्हा किल्ला रिकामा होता. शिक्षा मात्र राज्यास झाली. धार जप्त झाले. १८६० साली परत मिळाले, पण बैरसिया परगणा भोपाळच्या बेगमेकडे गेला तो गेलाच. एकमेव पुरवठादाराकडून माल वेळेवर आला नाही, तरी दुसरीकडे जाणाऱ्या गिऱ्हाइकासच दंड बसला! किल्ल्याच्या तटावर उभे असताना हा विचार मनातून जाईना.

देवासची कथा अधिक नवलाची. तुकोजी आणि जिवाजी या दोन बंधूंच्या थोरली पाती व धाकटी पाती अशा दोन गाद्या एकाच गावात. राजवाडे दोन, दरबार दोन. तथापि १८१८ साली कंपनीशी तह करताना दोन्ही पात्या एकत्र आल्या आणि फौजेचे पथक पुरविण्याचा भारही त्यांनी मिळून उचलला. पुढे त्या पथकाऐवजी रोकड भरणा ठरला. घरात वाटण्या असोत, बलाढ्य सावकारापुढे जाताना भावाभावांनी जोडीने जावे, एवढे शहाणपण त्यांनी दाखविले. अर्थात, दोघे मिळूनही दुबळेच होते, हे विसरून चालणार नाही.

याच देवासात १९७४ साली नोटांचा सरकारी छापखाना उभा राहिला. तेथे चलनाच्या रक्षणाची गाठ सोडविलेली दिसते. नोटांचे गिऱ्हाईक एकच, रिझर्व्ह बँक. आणि खास कागद व शाई करणारे जगात मोजकेच. परदेशच्या एका गिरणीवर विसंबणे म्हणजे पुन्हा वसईचाच तह. म्हणून होशंगाबादेस १९६८ साली कागदाची गिरणी निघाली. देवासच्या आवारात शाईचा कारखाना झाला. पुढे म्हैसुरासही नोटांच्या कागदाची गिरणी उभारली गेली. एक दार बंद झाले तर दुसरे असावे, ही दृष्टी त्यामागे आहे.

शस्त्रास्त्रांच्या बाबतीत आज बाजू उलटली आहे. देशात गिऱ्हाईक एकच, ते म्हणजे सरकार. २००१ साली खाजगी कारखान्यांना या क्षेत्राचे दार उघडले. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुधनिर्माणी मंडळ जाऊन सात सरकारी कंपन्या झाल्या. परंतु एखादा सुटा भाग करून देणारा लहान कारखानदार आजही त्या एका मागणीकडे डोळे लावून बसतो. ती मागणी लांबली, तर त्याचे यंत्र थांबते, कसबी कारागीर दुसरीकडे जातो आणि मग गरज पडेल तेव्हा सरकारलाही तो भाग मिळत नाही. एकट्या विक्रेत्याने गिऱ्हाइकास नाडू नये, तसे एकट्या गिऱ्हाइकानेही विक्रेत्यास सुकवू नये. पुढील वर्षांची गरज आधी सांगणे, पैसे वेळेवर देणे, कारागीर जगविणे, हाही संरक्षणाचाच खर्च होय.

वाचकांनी माळव्यात जावे तेव्हा धार आणि देवास ही दोन्ही गावे एकाच फेरीत पाहावीत. धार आधी, देवास मागून. धारेच्या तटावर पराधीनतेचा हिशेब समजतो, आणि देवासला त्यातून निघण्याची वाट. ती वाट लांबची आहे, पण आपल्या पायांची आहे.