पुस्तकाला गुण देताना

पुस्तक वाचणे आणि पुस्तकाविषयी बोलणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. वाचताना आपण एकटे असतो. बोलू लागलो की लेखकाविषयीचे आणि ऐकणाऱ्याविषयीचे उत्तरदायित्व आपल्यावर येते. आमच्या निवासी विद्यालयात रविवारी वंदनेनंतर मुले वाचलेल्या पुस्तकावर बोलतात, वाचनालयाच्या वहीत अभिप्राय लिहितात आणि दहापैकी गुण देतात.

या वहीची जुनी पाने चाळली तर एक गोष्ट ध्यानात येते. मुखपृष्ठावर बाबासाहेबांचे छायाचित्र असले की दहापैकी दहा गुण ठरलेले. मजकूर इकडूनतिकडून उतरवलेला असो वा सनावळी चुकलेली असो, गुण घटत नाहीत. कारण विचारले तर उत्तर येते, "सर, बाबासाहेबांना कमी गुण कसे द्यायचे?" हे उत्तर प्रेमापोटी आलेले आहे. परंतु गुण बाबासाहेबांना द्यायचे नसून त्यांच्यावर लिहिणाऱ्याला द्यायचे आहेत, हा भेद समजावून देणे आम्ही आमचे कर्तव्य मानतो.

त्यासाठी आम्ही मुलांना समीक्षक बाबासाहेबांची ओळख करून देतो. बर्ट्रांड रसेल यांच्या 1916 मध्ये प्रसिद्ध झालेल्या समाजाच्या पुनर्रचनेवरील ग्रंथाचे परीक्षण बाबासाहेबांनी 1918 मध्ये इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या नियतकालिकात लिहिले. महाराष्ट्र शासनाने 1979 मध्ये प्रकाशित केलेल्या त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या पहिल्या खंडात ते वाचावयास मिळते. रसेल जगद्विख्यात तत्त्वज्ञ, तर परीक्षणकर्ता सत्ताविशीतील तरुण. तरीही त्यात ना दबून जाणे आहे, ना उद्धटपणा. प्रथम ते रसेल यांचे म्हणणे नीट मांडतात. युद्धविरोधी रसेल निष्क्रियतेचा पुरस्कार करीत नाहीत, हे ते स्पष्ट करतात. कारण भारतीय वाचक तसा गैरसमज करून घेईल, ही भीती त्यांना वाटते. त्यानंतर, धनलोभामुळे मनुष्यस्वभाव खुंटतो या रसेल यांच्या मताशी ते सरळ मतभेद नोंदवतात. पैसा कोणत्या हेतूसाठी हवा आहे, याचा विचार केल्याशिवाय त्याला दोष देता येत नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख आहे. दारिद्र्य अनुभवलेल्या माणसाला हा प्रश्न सुचणे आम्हाला स्वाभाविक वाटते. समजून घेणे, वाचकाला सावध करणे आणि मग आपल्या जागेवरून प्रश्न विचारणे, हा क्रम आम्ही तिथून घेतला.

येथे एक आक्षेप येतो. दलित साहित्याला पुष्कळ वर्षे "अनुभव प्रामाणिक, पण कलागुण बेताचे" अशी पाठ थोपटणारी आणि त्याच हाताने दूर ढकलणारी समीक्षा मिळाली. मग आपल्याच माणसांच्या पुस्तकांना आपणही कठोर का व्हावे? आक्षेप खरा आहे, पण त्यावरील उपाय म्हणजे कौतुकाची खिरापत नव्हे. सवलतीचे गुण आणि तुच्छतेचे गुण एकाच समजुतीतून येतात: समोरच्याला याहून अधिक जमणार नाही.

काही वर्षांपूर्वी नववीतील एका मुलीने विद्यालयाच्या एका हितचिंतकाच्या कथासंग्रहाला चार गुण दिले. तिने कारण लिहिले होते, "यातली आई नुसती रडते, एकही पूर्ण वाक्य बोलत नाही." हे पान काढून टाकावे, असे काहींनी सुचविले. आम्ही पान राहू दिले आणि त्या मुलीच्या हाती बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' ठेवले. पुढच्या रविवारी ती त्या पुस्तकावर बोलली, तेव्हा पहिल्या पुस्तकात नेमके काय उणे होते ते मुलांना कोणी सांगावे लागले नाही. ते गृहस्थ मात्र पुढे दोन वर्षे आमच्या कार्यक्रमाला आले नाहीत. नंतर आले, आणि त्यांनी स्वतःच ती वही मागून घेतली.

आता वहीत गुणांचा रकाना सर्वांत शेवटी आहे. त्याआधी चार प्रश्नांची उत्तरे लिहावी लागतात: लेखक काय सांगतो? ते त्याला कशावरून कळले? कोणाचा आवाज ऐकू आला नाही? पुस्तक मिटल्यावर आपला कोणता समज बदलला? दुसरा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासातला आहे, कारण साधन तपासल्याशिवाय इतिहासकार पुढे जात नाही. त्याची मुळे मात्र फार जुनी आहेत. केसपुत्त येथील कालामांना तथागतांनी हेच शिकविले होते: परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणून काहीही स्वीकारू नका. स्वतः गुरू असलेल्याने हे सांगावे, यातच त्या उपदेशाचे मोल आहे.

चारही उत्तरे लिहून झाल्यावर पुष्कळ मुलांची लेखणी गुणांच्या रकान्याशी थबकते. काही जण तो रिकामा सोडतात. आम्ही आग्रह धरीत नाही.

ही स्मरणिकाही वाचनालयात ठेवली जाईल आणि वहीत तिच्यासाठी एक पान उघडले जाईल. माजी विद्यार्थ्यांनी भेटीस यावे, या लेखासह सर्व लेख तपासावेत आणि निःसंकोच लिहावे. जय भीम.