पोचल्याची पोच

आमच्या लहानपणी परगावी निघालेल्या माणसाला उंबऱ्यावर एकच गोष्ट बजावली जाई : "पोचल्याबरोबर पत्र टाक!" मग पंधरा पैशांचे एक पोस्टकार्ड येई. मजकूर ठरलेला. 'काल सायंकाळी सुखरूप पोचलो. काळजी नसावी.' कार्ड हाती पडायला तीन-चार दिवस लागत, आणि गंमत अशी की त्या तीन-चार दिवसांत आईने कधी काळजी केल्याचे मला आठवत नाही.

गेल्या सप्टेंबरात माझी मुलगी शिकायला जर्मनीला गेली. जाताना तिने आपल्या आजीच्या हाती पोस्टकार्डाऐवजी माझा जुना मोबाइल दिला. त्यावर जगाचा नकाशा होता आणि नकाशाभर पिवळी विमाने मुंग्यांसारखी सरकत होती. "आजी, यातलं हे माझं. तू नुसती बघत बस."

या करामतीचे नाव 'फ्लाइटरडार २४'. मी भाषेचा मास्तर. यंत्रांशी माझे फारसे सख्य नाही. पण घरातली म्हातारी रात्रभर जिच्याकडे डोळे लावून बसणार, ती वस्तू आहे तरी काय, हे पाहावेसे वाटले.

नावात रडार असले तरी हा कारभार मुख्यतः रडारवर चालत नाही. विमान उपग्रहांच्या मदतीने स्वतःची जागा ओळखते आणि आपण कोण, कुठे, किती उंचीवर, ही वर्दी रेडिओलहरींवरून सेकंदा-सेकंदाला देत जाते. ती ऐकायला गच्चीवर एक छोटा अँटेना पुरतो. २००६ मध्ये दोन विमानवेड्या स्वीडिश गृहस्थांनी उत्तर आणि मध्य युरोपात असे काही अँटेने उभारले. २००९ मध्ये त्यांनी दार उघडले : ज्याच्यापाशी असे यंत्र असेल त्याने आपले ऐकलेले आम्हांला कळवावे. पुढच्याच वर्षी आइसलंडचा ज्वालामुखी फुटला, राखेने युरोपचे आकाश बंद पडले, आणि ते रिकामे आकाश पाहायला सारे जग या नकाशावर लोटले.

तेव्हापासून पसारा वाढतच गेला. आज जगभरच्या ४०,००० हून अधिक गच्च्या आणि छपरे विमानांची कुजबुज ऐकत असतात. २०१८ च्या जूनमध्ये एका दिवसात टिपलेल्या उड्डाणांचा आकडा प्रथमच दोन लाखांपलीकडे गेला. जी विमाने आपली जागा सांगत नाहीत, त्यांचा आवाज चार ठिकाणी किती अंतराने पोचला यावरून ती हुडकतात. भर समुद्रात अँटेना कुठून असणार? तिथली हाक आता उपग्रह वरून ऐकतात. २०२२ च्या सप्टेंबरात राणी एलिझाबेथचे पार्थिव एडिंबरोहून लंडनला नेले, तेव्हा सुमारे पन्नास लाख लोक त्या एका विमानाच्या मागे डोळ्यांनी चालले होते. ज्यांचे ते कोणी नव्हते अशांची ही गोष्ट. मग आमच्या आईचे काय सांगावे!

रात्री दोनला विमान सुटले. आईने देवापुढे निरांजन लावले आणि मोबाइल चष्म्याजवळ धरला. "समुद्रावर आली," "वाळवंट लागलं वाटतं," असे तिचे समालोचन सुरू झाले. मी झोपायला सांगितले, की म्हणे, "तू झोप. कुणीतरी जागं पाहिजे." जणू तिने डोळा मिटला तर वैमानिकालाही डुलकी लागणार होती!

सकाळी फ्रँकफुर्ट जवळ आले आणि आईने मला हाक मारली. पिवळे विमान पुढे जाण्याऐवजी एकाच जागी गोल गोल फिरत होते. "अरे, हे परत का फिरलं? काय झालं असेल?" विमानतळावर गर्दी असली म्हणजे विमानांना असे घिरट्या घालीत थांबवतात, हे मी तिला समजावले. पण खरे सांगतो, समजावताना माझाच आवाज कोरडा पडला होता. तिसऱ्या फेरीनंतर ते विमान सरळ झाले, खाली आले आणि टेकले. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि आंघोळीला गेलो.

आई मात्र जागची हलली नाही. बारा वाजले, एक वाजला. "अगं, विमान पोचलं की!" मी म्हणालो.

"विमान पोचलं रे. पोरगी कुठं पोचली?"

तीन वाजता फोन आला. मुलगी खोलीवर जाऊन, जेवून, एक झोपही काढून उठली होती. "बाबा, तुम्हांला तर दिसलंच ना मी उतरले ते? मग वेगळं काय कळवायचं?" तिचे म्हणणे बिनतोड होते. माझ्यापाशी उत्तर नव्हते. आईने फोन घेतला, "पोचलीस ना बाळ?" एवढेच विचारले, आणि पलीकडून "हो आजी, पोचले," हे ऐकल्यावर उठून निरांजन आत नेले.

त्या रात्री मी तिला विचारले, "आई, पूर्वी आम्ही गावाला जायचो तेव्हा तू अशी जागत नव्हतीस."

"तुला काय ठाऊक? तू तर गावाला गेलेला असायचास."

आयुष्यभर मराठी शिकवूनही एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. आपल्या भाषेत 'पोचणे' आणि 'पोच' हे शब्द एकाच घरचे. माणूस जाऊन पोचले तरी त्याची पोच आल्यावाचून प्रवास पुरा होत नाही. चाळीस हजार अँटेने मिळून विमान कुठे आहे ते सांगतात, आणि त्या विद्येला माझा नमस्कार आहे. पण पोच ज्याची त्यानेच द्यावी लागते.

आता मुलगी दिवाळीला येणार आहे. आईने मोबाइल आधीच चार्ज करून ठेवला आहे. आणि मी मुलीला एकच गोष्ट बजावली आहे. कोणती, ते तुम्ही ओळखलेच असेल.