हळदी-कुंकू

2019 सालच्या संक्रांतीची संध्याकाळ. धंतोलीतल्या आमच्या गच्चीवरून पतंगांचा गोंगाट ओसरत आला होता. मगरीबच्या अजानला थोडा वेळ होता, तेवढ्यात पाण्याच्या टाकीमागे काहीतरी धपकन पडले. जाऊन पाहतो तो एक बदक. डाव्या पंखात नायलॉनचा मांजा गुंतलेला, पिसे रक्ताने चिकटलेली. या मांजावर 2017 पासून बंदी आहे. आकाशाला ते कोणी सांगितलेले दिसत नाही.

दादी घाईने वर आल्या. "जीव आहे तोवर सुरी आणा रे. नाहीतर मुरदार होईल."

बदक हलाल आहे, याबद्दल घरात वाद नव्हता. अब्बा मात्र म्हणाले, "थांबा. कुणाचे पाळलेले असेल तर?" सापडलेल्या जनावराचा मालक आधी शोधावा लागतो, दुसऱ्याचे कापून खाणे कोणत्या हिशेबात बसते? आणि रानातले असेल तर 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा. म्हणजे सुरी आणायची की नाही, हे बदक कोण आहे यावर ठरणार होते, आणि ते आम्हा कोणालाच सांगता येत नव्हते. शाळेच्या पुस्तकातले बदक पांढरे, नाहीतर हिरव्या डोक्याचे. हे होते मातकट, अंगभर खवल्यांसारखी नक्षी. हाताला हलके लागले. पाळीव बदकासारखा बोजड देह नव्हताच. मांजा कापताना पंख उघडला, तेव्हा आत हिरवी चमकती पट्टी दिसली. पाय नारिंगी-लाल.

शेजारच्या काकूंच्या घरी सुवासिनी जमल्या होत्या. आमचा गलबला ऐकून त्या कठड्याशी आल्या आणि म्हणाल्या, "अहो, हळदी-कुंकू!" अम्मींना वाटले, बोलावणे आले. त्या संकोचून काही बोलणार, तो काकूंनी बदकाच्या चोचीकडे बोट केले. काळी चोच, टोकाला हळदीचा पिवळा ठसा, बुडाशी दोन्ही बाजूंना कुंकवाचे दोन लाल ठिपके. हळदी-कुंकू बदक! काकूंकडे मारुती चितमपल्लींचा 'पक्षिकोश' होता. विदर्भाच्या जंगलांत आयुष्य घालवून चितमपल्लींनी लोकांच्या तोंडची पाखरांची नावे गोळा केली. 2025 च्या जूनमध्ये ते गेले. दादींनी चोच नीट न्याहाळली आणि म्हणाल्या, "हा तर गुगराल. आमचे मामू शिकारीला जायचे." एकाच चोचीची दोन नावे एका कठड्यावरून इकडेतिकडे झाली.

सुरीचा विषय मागे पडला. त्या रात्री अब्बांनी सलीम अलींची गोष्ट सांगितली. खेतवाडीत मामा अमीरुद्दीन तय्यबजींच्या घरी वाढलेल्या या पोराने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. गळ्यावर पिवळा डाग दिसला, तेव्हा असला पक्षी खायला चालतो का, अशी शंका आली. मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलर्डसाहेबांकडे धाडले. हा पक्षी कोण, या एका प्रश्नाने त्यांना पुढे जन्मभर हिंडवले. आमच्या गच्चीवर तीच शंका निघाली होती. आम्ही कोणी सलीम अली झालो नाही, एवढाच फरक.

कपडे भिजवायच्या टबात चार बोटे पाणी घालून बदकाला ठेवले. त्याने मान बुडवून चोचीने तळ चाळायला सुरुवात केली. हे डुबकी मारून खोल जाणारे बदक नव्हे. उथळ पाण्यात डोके खाली, शेपूट वर करून वनस्पती आणि बिया खाते. थंडीत उत्तरेकडून पाहुणे येतात, ते थापट्या, तलवार बदक वगैरे. हे मात्र बारमाही इथलेच, पावसाळ्यात पाण्याकाठच्या गवतात घरटे करणारे. सकाळी आम्ही त्याला सेमिनरी हिल्सवर वनखात्याच्या उपचार केंद्रात पोहोचवले. पंखाचे हाड शाबूत होते, एवढे कळले.

पुढच्या हिवाळ्यात दादींना घेऊन अंबाझरीला गेलो. दुर्बीण काकूंची. काठाजवळ अकरा हळदी-कुंकू. नरमादी दिसायला सारखेच, नर किंचित थोराड, त्यामुळे ओळख पटवणे कठीण.

"आपले कोणते?" दादींनी विचारले.

आम्ही काही बोललो नाही. त्यांनीच दुर्बीण डोळ्याला लावली. "ते बघ, शेपूट वर केलेले."

आम्ही पाहिले तोवर ते सरळ झाले होते, आणि शेजारचे उलटे.