पाचूचा बाजार

दिवाळीच्या सुटीत पुण्याहून दारव्ह्याला आलेला बारा वर्षांचा नातू पहिल्याच दिवशी आबाजींच्या शेजारी गादीवर येऊन बसला, तेव्हा घरातल्या साऱ्यांना कौतुक वाटले. धान्याच्या दुकानातील ती गादी आता आबाजींखेरीज कोणी वापरत नाही; काका सारा हिशेब मागच्या टेबलावर संगणकावर पाहतात. पण नातू दुकान शिकण्यासाठी आलेला नव्हता. त्या कोपऱ्यात वायफाय चांगले मिळते, एवढेच कारण होते. त्याच्या लॅपटॉपवर एक निराळाच बाजार भरला होता.

खेळाचे नाव माइनक्राफ्ट. स्वीडनमधील मोयांग या संस्थेने तो २०११ मध्ये पूर्ण रूपात बाजारात आणला. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही संस्था अडीच अब्ज डॉलरना विकत घेतली. या खेळात जिंकणे-हरणे असे ठरलेले काही नाही. चौकोनी ठोकळ्यांचे एक अफाट जग खेळणाऱ्याच्या स्वाधीन केले जाते आणि त्यात काय उभे करायचे, हे त्याने ठरवायचे असते. त्या जगात गावे आहेत, गावात गावकरी आहेत आणि २०१२ पासून ते गावकरी व्यापार करतात. नाणे आहे पाचूचे.

साठ वर्षे तराजूजवळ बसलेल्या आबाजींना एवढे ऐकूनच गोडी लागली. “कोण काय घेतो?” त्यांनी विचारले. नातू उत्साहाने सांगू लागला. शेतकरी वीस गहू घेऊन एक पाचू देतो. ग्रंथपाल चोवीस कागद घेऊन एक देतो. बाण करणारा तर साध्या काड्याही घेतो, बत्तिसांना एक. धंदा ज्याच्या त्याच्या साधनावर ठरतो: जवळ खतपेटी ठेवली की बेकार गावकरी शेतकरी होतो, वाचनपीठ ठेवले की ग्रंथपाल. पहिला सौदा झाला की मग धंदा बदलत नाही. सौदे वाढत जातील तशी त्याची पायरी चढते आणि तो अधिक मोलाचा माल काढू लागतो. एकाच वस्तूची मागणी फार केली तर भाव चढतो, काही दिवस थांबले तर उतरतो. गावकऱ्याला मारले तर तो भाव वाढवतो, आणि ही गोष्ट तो इतरांनाही सांगतो.

“म्हणजे इथेही पत आहे म्हणायची,” आबाजी प्रसन्न होऊन म्हणाले.

व्यापारी वाढवायचे कसे, हेही नातवाने दाखवले. दोन प्रौढ गावकरी, त्यांच्यापाशी पुरेसे अन्न, म्हणजे तीन पाव किंवा बारा गाजरे अथवा बटाटे, आणि जवळ एक रिकामा पलंग, एवढे असले की मूल जन्माला येते. वीस मिनिटांत ते मोठे होते. नातवाने अशी चाळीस माणसे वाढवली होती. मग त्याने त्यांची ‘पेढी’ दाखवली आणि आबाजींनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

एका लांब दालनात दोन्ही बाजूंना कोठड्या होत्या. प्रत्येक कोठडी एकाच माणसाच्या मापाची. आत एक गावकरी उभा, पुढ्यात त्याच्या धंद्याचे साधन. चालायला वाट नाही, झोपायला खाट नाही. ग्रंथपालाने हवे ते पुस्तक देऊ केले नाही तर त्याचे वाचनपीठ फोडायचे आणि पुन्हा ठेवायचे, मनासारखा सौदा निघेपर्यंत. हिरव्या अंगरख्याचा गावकरी कोणताच धंदा करत नाही, म्हणून त्याला जागाच नाही.

“हे सोयीचे पडते, आबाजी. मोकळे सोडले तर हिंडत राहतात. रात्री झोम्बी येतात आणि त्यांना खातात.”

“आणि हा शेवटचा एवढा स्वस्त कसा?” एका ग्रंथपालाकडे बोट दाखवत आबाजींनी विचारले. इतरांपाशी वीस-तीस पाचू पडणारे पुस्तक तो एका पाचूला देत होता.

ही तर खरी युक्ती होती. काठिण्यपातळी सर्वांत वरची ठेवायची, म्हणजे झोम्बी चावल्यावर गावकरी मरत नाही, स्वतःच झोम्बी होतो. मग त्याच्यावर अशक्तपणाचे औषध फेकायचे आणि सोन्याचे सफरचंद खाऊ घालायचे. काही मिनिटांत तो बरा होतो आणि ज्याने वाचवले त्याला कायमचा स्वस्त माल देतो. पूर्वी तोच गावकरी पुन्हा पुन्हा आजारी पाडून बरा केला की सूट वाढत जाई. २०२३ मध्ये निर्मात्यांनी ते बंद केले. आता मोठी सूट एकदाच मिळते.

“पण झोम्बीला त्याच्यापर्यंत आणतो कोण?”

“आपणच,” नातू सहजपणे म्हणाला.

आबाजी काही बोलले नाहीत. नातवालाच ते जड झाले असावे. तो म्हणाला, “हे खोटे आहेत, आबाजी. यांना दुखत नाही.”

तेव्हा आबाजींनी त्याला यशोधर राजाची गोष्ट सांगितली. सोमदेवसूरींनी ९५९ मध्ये ‘यशस्तिलक’ पूर्ण केले, त्यात ती विस्ताराने आली आहे आणि जैन घरांतून ती पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. आई चंद्रमतीच्या आग्रहाला राजा नाही म्हणू शकला नाही, पण जिवंत प्राण्याचा बळी द्यायलाही तयार होईना. म्हणून त्याने पिठाचा कोंबडा करून तो कापला. पिठाला वेदना झाली नाही. तरीही आई आणि मुलगा, दोघांनाही त्या कृत्यापायी पशुयोनीत जन्मामागून जन्म काढावे लागले, कारण कापताना मनाने ते मारण्याच्या कृतीत उभे होते.

नातू ऐकत राहिला. आबाजींचा आवाज मात्र उपदेशाचा नव्हता. त्यांचे लक्ष तिथे नव्हतेच.

रात्री त्यांनी जुन्या वह्यांची पेटी उघडायला लावली. १९७२ चे दुष्काळी साल. तेव्हा आबाजी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचे होते, गादीवर त्यांचे वडील बसत. जवळच्या खेड्यातील एक शेतकरी दुपारी आला होता. घरात दाणा नव्हता. वडिलांनी त्याला दोन पोती ज्वारी उधार दिली आणि पुढच्या हंगामातली सगळी तूर याच दुकानात, त्याच दिवशी ठरवलेल्या भावाने घालायची, असे कबूल करून घेतले. नोंद आबाजींच्या हातची होती. पुढच्या साली भाव चढला, तरी तूर ठरल्या दराने आली. शेतकऱ्याने चकार शब्द काढला नाही. उलट, “तुम्ही पोरं जगवली,” असे म्हणत तो मरेपर्यंत याच दुकानात येत राहिला. त्याने कधी घासाघीस केली नाही. पुढे त्याचा मुलगा आला, आता नातू येतो. तेही भाव विचारत नाहीत.

आबाजी ही हकीकत आजवर अनेकांना सांगत आले होते, दुकानाच्या पतीचा दाखला म्हणून. त्या रात्री प्रथमच ती त्यांना कोठडीतल्या ग्रंथपालासारखी दिसली. दुष्काळ काही त्यांच्या वडिलांनी आणलेला नव्हता, हे खरेच. सफरचंद मात्र त्यांनी मोजून दिले होते आणि त्याची सूट तीन पिढ्या घेतली गेली होती.

सकाळी त्यांनी हे सारे नातवाला सांगितले. मुलांना असल्या गोष्टी सांगू नयेत, असे घरातल्यांना वाटले, आबाजींनी सांगितले. नातवाने वहीवरून बोट फिरवले आणि विचारले, “मग तुम्ही त्यांना वाचवले, की फसवले?”

“दोन्ही,” आबाजी म्हणाले. “वहीत मात्र एकच लिहिलेले आहे.”

पुढचे दोन दिवस नातू गादीवरच होता. त्याने कोठड्या फोडल्या. हे सोपे नव्हते, कारण मोकळ्या गावकऱ्याला राखावे लागते. सबंध गावाभोवती भिंत घालावी लागली, अंधारात झोम्बी उपजतात म्हणून गल्लोगल्ली मशाली लावाव्या लागल्या, प्रत्येकाला पलंग द्यावा लागला. तरी पहिल्या रात्री दोघे गेले. नातू हिरमुसला, कोठडीत ते जगले असते, असे त्याने बोलूनही दाखवले, आणि आबाजींना ते खोडून काढता आले नाही. पण सकाळ होताच उरलेले आपापल्या साधनापाशी कामाला उभे राहिले, दुपारनंतर गावच्या घंटेभोवती जमले, दिवस मावळताच झोपायला गेले. माल पूर्वीइतकाच मिळत होता. फक्त ज्याच्याशी सौदा करायचा त्याला शोधत जावे लागे. हिरव्या अंगरख्याचा एकही काम न करता सर्वांमध्ये हिंडत होता. “असा एक प्रत्येक बाजारात असतो,” आबाजी हसून म्हणाले. “राहू दे त्याला.”

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी दुकानासमोर सोयाबीनची गाडी थांबली. ज्वारी नेलेल्या त्या शेतकऱ्याचा नातू आला होता. सण तोंडावर होता, पैसा हवा होता; गडबडीत त्याने मागची फळी उघडली आणि पहिले पोते पाठीवर घेतले. भाव विचारलाच नाही. काका काट्याकडे निघाले.

“थांब,” आबाजी गादीवरून म्हणाले. “पोतं ठेव खाली. आधी बाजार समितीत आज काय भाव निघाला ते पाहून ये. मग आमचा भाव ऐक. पटला तर उतरव.”

तो तरुण गोंधळला. “आबाजी, आमच्या घरी तसं विचारायची रीत नाही.”

“ठाऊक आहे मला,” आबाजी म्हणाले. “म्हणूनच सांगतोय.”

काकांच्या कपाळावर आठी पडली. गाडी रिकामी व्हायच्या आतच निघून गेली आणि ती परत येईल की नाही, हे कोणालाच सांगता येईना. नातू लॅपटॉप मिटून रस्त्याकडे पाहत बसला. आबाजींनी पेटीतून १९७२ ची वही काढली, ती नोंद पुन्हा एकदा वाचली आणि वही बंद न करता तशीच गादीवर उघडी ठेवली.