मधली खुर्ची

५ नोव्हेंबर २०२० ला सकाळी सांगलीहून मामांचा फोन आला. "अगं, नाट्यगृहं उघडायला परवानगी मिळाली. आजपासून. आणि आज रंगभूमी दिन!" करोनामुळे मार्चमध्ये नाट्यगृहं बंद झाली, तेव्हापासून त्यांचा आवाज इतका मोकळा मी ऐकला नव्हता. इकडे लंडनमध्ये त्याच दिवशी दुसरी टाळेबंदी सुरू झाली. सप्टेंबरपासून मोजक्या श्रोत्यांसाठी किलकिली झालेली विगमोर हॉल या संगीत सभागृहाची दारं पुन्हा लागली. मामांना ते सांगायचा मला धीर झाला नाही.

मी साताऱ्याची, आजोळ सांगली. शाहू कलामंदिरात नाटकं बघत वाढले, पण नाटक कशावर चालतं ते कळलं सांगलीत, कारण मामा हौशी नट. सुट्टीत मी त्यांच्याबरोबर विंगेत बसायचे. पडदा ओढणारा, रंगभूषाकार, लाइटवाला, नेपथ्य टेम्पोत चढवणारी मुलं, सगळ्यांचा हिशेब प्रयोग संपल्यावर त्याच रात्री व्हायचा. प्रयोग नाही त्या दिवशी हिशेबही नाही.

लंडनमध्ये विगमोर हॉल माझा झाला तो दुपारी एकच्या मैफलींमुळे. जेमतेम साडेपाचशे खुर्च्या, पण हलकी सुरावटही शेवटच्या रांगेपर्यंत पोचते. बेखश्टाइन या जर्मन पियानो कंपनीनं १९०१ साली हा हॉल उघडला. पहिल्या महायुद्धात जर्मन मालमत्ता म्हणून तो जप्त झाला आणि १९१६ साली, लाखभर पौंड खर्चून बांधलेली ती वास्तू लिलावात ५६,५०० पौंडांना गेली. वर्षभरात ती नव्या नावानं उघडली.

१ जून २०२० ला दुपारी एक वाजता तिथं पियानोवादक स्टीफन हफ रिकाम्या खुर्च्यांसमोर वाजवायला बसले. बीबीसी रेडिओ ३ वर ते थेट लागलं होतं. मी स्वयंपाकघरात कणीक भिजवता भिजवता ऐकत होते. शेवटचा सूर विरला आणि पुढे टाळी नाही. मी तशाच पिठाच्या हातांनी टाळ्या वाजवल्या.

त्या दिवसांत इथल्या सभागृहांची पत्रं येत होती: रद्द झालेल्या कार्यक्रमाचे पैसे परत हवेत, की देणगी म्हणून ठेवू? मी ठेवा म्हटलं. जुलैत सरकारनं कलासंस्थांसाठी १.५७ अब्ज पौंड जाहीर केले. रोजंदारीवरचे कितीतरी तंत्रज्ञ त्यातूनही सुटले, हे खरं. तरीही तिकीटबारी बंद असताना सभागृह जगवायचं असतं, हे इथं सरकारनंही मानलं आणि प्रेक्षकानंही. सांगलीत मला असं कुणी विचारलं नव्हतं. मीही आपणहून काही दिलं नव्हतं. याची बोच मला अजून आहे.

आणि हे सांगलीबाबत व्हावं, जिथं मराठी नाटक सुरू झालं! १८४३ साली विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' केलं ते सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयानं. १८५१ मध्ये चिंतामणराव गेले, आश्रय संपला, तेव्हा भाव्यांनी मंडळी घेऊन गावोगाव जायला सुरुवात केली आणि १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ केले. राजा गेला तेव्हा आपल्या नाटकाला प्रेक्षकानं जगवलं. पण आपण तिकिटापुरतेच प्रेक्षक राहिलो. प्रेक्षकालाच घरी बसावं लागलं, तेव्हा नाटकामागे उभं कोण राहणार होतं?

परवानगी मिळूनही मामांचा आनंद आठवडाभरच टिकला. निम्म्याच खुर्च्या विकायच्या होत्या. गाडीचं डिझेल, कलाकारांची नाईट म्हणजे प्रयोगाचं मानधन, जाहिरात, यातलं काहीच निम्मं होत नाही. मुंबई-पुण्याचं नाटक सांगलीला आणणाऱ्याला नाट्यगृह पूर्ण भरलं तरी फार सुटत नाही. अर्ध्या नाट्यगृहात तो हात घालीलच कसा? राज्य नाट्य स्पर्धाही त्या हिवाळ्यात झाली नाही. एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा कुलूप लागलं. जुलैत कृष्णेला पूर आला, तोही २०१९ च्या महापुरातून शहर नीट सावरलेलं नसताना. तोवर लंडनची सभागृहं पुरती उघडली होती. मी विगमोरमध्ये बसले, की मधेच सांगलीची अंधारी विंग डोळ्यांपुढे यायची.

२२ ऑक्टोबर २०२१ ला महाराष्ट्रातली नाट्यगृहं पुन्हा उघडली, पुन्हा निम्म्या खुर्च्यांवर. मामांनी फोन केला, "पहिलं नाटक लागलं की तुझी मामी आणि मी जाणार. मात्र मधली खुर्ची रिकामी ठेवायची म्हणे." मग जरा थांबून म्हणाले, "तिचे पैसे कुणी द्यायचे गं?"

"मी देते, मामा. पण तिकीटबारीवर नको. पडदा ओढणाऱ्याच्या हातात द्या."

"आणि पुढच्या प्रयोगाला?"

"त्यालाही."

मामांनी लगेच नाव टिपून घेतलं, पडदा ओढणाऱ्याचं आणि लाइटवाल्याचंही.