कान्हेरीची माकडं आणि आमची शिदोरी

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात शिरलं, की स्टेशनबाहेरचा गलबला मागे राहतो. फाटकापासून कान्हेरीची लेणी सहा-सात किलोमीटर आत. सोमवारी उद्यान बंद असतं, हे लक्षात ठेवून बेत आखावा. काळ्या खडकात कोरलेल्या शंभरावर गुहा आणि जागोजागी पावसाचं पाणी साठवायची टाकी! त्या भिक्षूंनी पाण्याची केवढी काळजी वाहिली होती!

आम्ही पायऱ्यांवर डबा उघडला नि माकडं हजर. धाकट्यानं पोळी पुढे केली, माकडानं अर्धी ओढून नेली. उरलेली चिरंजीव तोंडात घालणार, तोच मी हात धरला. गेल्या वर्षीच त्याला आव झाली होती. मैत्रिणींनो, आमांशाचा अमीबा माकडांच्या आतड्यातही राहतो, आणि तो इकडून तिकडे, तिकडून इकडे जाऊ शकतो.

पण माकड थोडंच सांगणार, पोटात कळ येते म्हणून? त्याचं निदान विष्ठेवरूनच करायचं, आणि तीही ताजी हवी. हलता अमीबा बाहेर पडला की लवकर मरतो. कवचातला टिकतो. त्यावर आयोडीन घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.

गोम पुढेच आहे. माणसाचं आतडं पोखरणारा ‘हिस्टोलिटिका’, निरुपद्रवी ‘डिस्पार’ आणि माकडांचा ‘नुटाली’ हे तिघं तिळ्यांसारखे दिसतात. नुटालीचं वर्णन कॅस्टेलानी यांनी १९०८ साली सिलोनच्या माकडावरून केलं. डिस्पार वेगळा हे १९९३ साली पक्कं झालं. नुसत्या डोळ्यांनी भेद कळत नाही, म्हणून आता पीसीआर तपासणी करतात. कोरोनाच्या दिवसांत आपल्या सगळ्यांच्या तोंडी झालेला शब्द!

माकडांत काळतोंडी वानरं अधिक नाजूक. पाला पचवणाऱ्या त्यांच्या जठरातच हा अमीबा ठाण मांडतो. प्राणिसंग्रहालयांत अशी वानरं दगावलेली आहेत. म्हणजे आपल्या न धुतलेल्या हातचा घास ही त्यांच्यावर माया नव्हे.

तेव्हा कान्हेरीला जरूर जा, पण माकडांना काही देऊ नका. डबा झाकलेला ठेवा, साबणाची वडी जवळ बाळगा. पाणी घरून उकळून न्या. नेहमीच्या क्लोरीनला हे कवच दाद देत नाही, उकळीला देतं. मुलं हट्ट करतील. त्यांना सांगा, लांबून पाहणं हीच रानातली खरी पाहुणचाराची रीत.